चापाचा पहिला टप्पा

१ ऑक्टोबर, मंगळवार

आज एक वेगळंच काम आलं. बंदुकीचा आवाज टिपायचा.

आजवर मी आवाज मोठा करत आलो. कुवेतमधल्या शुवैखच्या गाळ्यातून लग्नाच्या हॉलना लाउडस्पीकर भाड्यानं दिले, मशिदींचे भोंगे दुरुस्त केले, शाळांच्या गॅदरिंगमध्ये स्टेजच्या बाजूला उभा राहिलो. मार्चमध्ये मालकानं धंदा आवरला. मी म्हटलं, मोठं करणं पुरे झालं, आता टिपायचं काम करू. अर्धा गाळा घेतला, भिंतींना फोम लावला, बाहेर पाटी टांगली. आतापर्यंत मुलांचं पठण आणि एका दातांच्या दवाखान्याची जाहिरात, एवढंच आलं होतं.

आज लुबना मॅडम आल्या. कुवेती, चाळिशी-पंचेचाळिशीच्या. वडील गेल्यावर त्यांनी सबाह अल-सालेममधल्या घराच्या खालच्या मजल्यावर वडिलांच्या जुन्या वस्तूंचं छोटं संग्रहालय करायला घेतलं आहे. त्यात दुसऱ्या महायुद्धाआधीची एक स्विस सबमशीन गन आहे. ती मांडायची परवानगी एका अटीवर मिळाली: आधी नळी वेल्डिंगनं कायमची बंद करायची. त्यापूर्वी एक सकाळ, सरकारी गोळीबाराच्या रेंजवर, अधिकाऱ्यासमोर ती चालवता येईल.

"नळी बंद झाली की तो आवाज गेलाच," मॅडम म्हणाल्या. "मला तो हवा आहे. लहानपणी वाळवंटातल्या तंबूत झोपून मी तो ऐकायची."

फार हळू बोलतात. या मोठ्या घरांतल्या बायकांचा आवाज असा उशीखालून आल्यासारखा असतो हे माहीत नव्हतं. अर्धं मी ओठांवरून समजून घेतलं. पण काम घेतलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

जुम्मा पढून आलो. सफियानं सुरमई तळली होती. दुपार फार संथ होती. खिडकीबाहेर धूळ उभी आणि उन्हाला पिवळट दुधाचा रंग. अशा दिवशी आपण घरात नसून पाण्यात बसलोय असं वाटतं. लहानपणी दाभोळच्या खाडीत बुडी मारून तळाशी बसायचो, वर होड्या वल्हवत जायच्या, त्यांचा आवाज नुसता छातीला लागायचा. तसंच.

सफिया रोज गॅलरीत बुलबुलांसाठी पाणी ठेवते. या वर्षी बुलबुल फिरकले नाहीत. सकाळभर एकानंही शीळ घातली नाही. तिला म्हटलं, कशाला ठेवतेस? ती माझ्याकडे बघत राहिली आणि वाडगं भरून आली.

एक मात्र लिहायला हवं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सफिया अलीकडे जास्त मायेनं वागते. पूर्वी स्वयंपाकघरातूनच हाका मारायची. आता समोर येते, खांद्यावर हात ठेवते, मी बघितलं की मग बोलते. उतारवयात माणसं अशी जवळ येतात म्हणायची.

आमच्या मुलीचं, रिदाचं उलट. कॉलेजात गेल्यापासून शब्द गिळते. काही विचारलं की इंग्रजीत पुटपुटते आणि दार लावून घेते. टीव्ही लावला की आणखी चिडते.

९ ऑक्टोबर, बुधवार

आज ती बंदूक बघितली.

मॅडमच्या घरी अबू यूसुफ होते. लष्करातले निवृत्त शस्त्र-कारागीर, मॅडमच्या वडिलांचे दोस्त. पंचाहत्तरीपुढचे, दोन्ही कानांत यंत्रं. खणखणीत बोलतात, आपल्या मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून शिकलेल्या हिंदीत. किती दिवसांनी कुणाचं बोलणं असं स्वच्छ समजलं! माणूस असा बोलावा.

मला वाटलं होतं काहीतरी ओबडधोबड, पत्र्याचं निघेल. टेबलावर पांढऱ्या कपड्यावर निघाली ती शिकारीच्या रायफलीसारखी, लांबलचक. अक्रोडाचं लाकूड पार नळीखालपर्यंत गेलेलं. गोळ्यांचं मॅगझिन कुठे दिसेना. अबू यूसुफनी एक खटका दाबला आणि नळीखालच्या लाकडातून मॅगझिन बिजागरीवर फिरत खाली उतरलं. पुन्हा वर लोटलं, पुन्हा लाकडात निजलं. जहराच्या खाडीत उतरलेले रोहित पक्षी एक पाय पोटाशी घेतात ना, अगदी तसं.

"सगळं पोलादातून कोरलंय," ते म्हणाले. "पत्रा ठोकलेला नाही. जड, महाग, सुंदर. म्हणून फौजांनी घेतली नाही. फौजेला स्वस्त पाहिजे."

मी आवाजाचं विचारलं. तो नेमका कुठून निघतो? त्यांना प्रश्न आवडला. या बंदुकीत गोळी नळीत तयार नसते, त्यांनी सांगितलं. बोल्ट, म्हणजे आतला जड ठोकळा, मागे ताणून थांबलेला असतो. चाप ओढला की तो पुढे धावतो, मॅगझिनमधली गोळी उचलतो, नळीत लोटतो आणि त्याच धावेत उडवतो. म्हणजे आवाज दोन. आधी लोखंडाचा, मग दारूचा.

"आणि हे बघ." त्यांनी रिकाम्या बंदुकीच्या चापावर माझं बोट ठेवलं. "हळू. आणखी हळू."

चाप थोडा आला आणि बोटाला पायरी लागली.

"इथं थांबलास तर एक गोळी. पायरी ओलांडलीस तर सगळ्या, सलग. दुसरं बटण नाही. जे काय ते बोटात."

मी डोळे मिटून दोनतीनदा करून बघितलं. अंधारात जिना उतरताना पायाला पायरी सापडावी तसं वाटतं. मग डोळे उघडले तर अबू यूसुफ माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सदीक," ते म्हणाले, म्हणजे अरबीत दोस्त, "तू माझ्या डोळ्यांकडे बघत नाहीस. ओठांकडे बघतोस."

मी म्हटलं, तुमची हिंदी समजायला. ते हसले, पण फार नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

स्वप्नात खाडीच्या तळाशी बसलो होतो आणि ती बंदूक वरून सावकाश तरंगत खाली येत होती. मॅगझिन उघडत, मिटत. काही ऐकू येत नव्हतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. जागा झालो तेव्हा सफिया खांदा हलवत होती. गजर म्हणे केव्हाचा वाजत होता.

१९ ऑक्टोबर, शनिवार

काम झालं. सगळं नीट लिहून ठेवतो.

रेंज सुलैबियाच्या पुढे, वाळवंटात. सकाळपासून धुरकट होतं. जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. माणसं बोलत फिरत होती, पण शब्द त्या धुरळ्यातच विरून जात होते. मी एक माइक बोल्टच्या बाजूला लावला, एक नळीच्या तोंडापासून तिरका, आणि एक लांब वाळूत, आवाज विझताना ऐकायला. रेकॉर्डरला नवा पॉवर अडॅप्टर लावला होता, बॅटरी मध्येच संपायला नको म्हणून.

अबरार नावाच्या तरुण प्रशिक्षकानं बंदूक चालवली. अधिकारी शेजारी उभा. अबू यूसुफ आणि लुबना मॅडम मागे. मी हेडफोन चढवला.

सलग झडल्या. एका सेकंदात पंधराएक गोळ्या जातात, म्हणजे सुट्या ऐकूच येत नाहीत, कुणीतरी जाड ताडपत्री फाडावी तसं. गंमत ही की बंदूक हलत नाही. वजन आणि लांब नळी सगळा धक्का पिऊन टाकतात. अबरारच्या खांद्यावर ती नुसती थरथरत होती, मांजर घुरघुरावं तशी. आणि सगळ्यात सुंदर म्हणजे पुंगळ्या. पितळेच्या पुंगळ्या उन्हात चमकत उडत होत्या आणि सिमेंटवर कापूस पडावा तशा, काही आवाज न करता पडत होत्या. मी थक्क होऊन बघत राहिलो.

संपल्यावर मॅडमचा चेहरा उतरलेला होता. ओठ हलले. उन्हाबद्दल काहीतरी म्हणाल्या असाव्यात. अबू यूसुफनी त्यांना बाजूला नेलं आणि बराच वेळ बोलत राहिले, मध्येच माझ्याकडे बघत. नळी बंद करायच्या कामाचं काही ठरवत असतील.

२१ ऑक्टोबर, सोमवार

दिवसभर गाळ्यात संपादन. आवाजाला धार नाही. वरचे सूर खूप चढवले तेव्हा कुठे जिवंत वाटायला लागला. मॅडमना पाठवून दिला.

२३ ऑक्टोबर, बुधवार

मॅडमचा मेसेज: "उस्ताद अशरफ, ती शिट्टी कसली आहे?"

कसली शिट्टी? पुन्हा पुन्हा ऐकलं. काही नाही. त्यांच्या फोनचाच स्पीकर खराब असेल. तसं कळवलं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

रिदाला म्हटलं, जरा ऐक गं, यात शिट्टी आहे का.

तिनं हेडफोन कानाला लावला आणि लगेच ओढून काढला. "अब्बा! आर यू सिरियस? सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे."

"कुठे?"

"सगळीकडे."

मला वाटलं चेष्टा करते. मग तिनं आपल्या फोनवर काहीतरी उघडलं, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, आवाज आला की हात वर करा. पहिले दोनतीन आले. मग मी वाट बघत राहिलो. खिडकीतून ऊन आत आलं होतं, तिच्या हातावर पडलं होतं. चांगली शांत दुपार होती. मी म्हटलं, "लाव की आता."

फोन तिच्या हातात होता, अंगठा स्क्रीनवर होता आणि डोळे भरलेले होते. तेव्हा कळलं की आवाज लागलेलाच आहे.

सफिया दारात उभी होती. आत आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी बघेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "दोन वर्षं झाली. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून मीच पोरीला गप्प ठेवलं."

तो हात! आणि मी काय समजत होतो.

आज इतकंच.

२८ ऑक्टोबर, सोमवार

हॉस्पिटलात गेलो. कानाची तपासणी करणारी प्रणिता, बारामतीची, रिदाच्या मैत्रिणीची मावशी. मला काका म्हणते. काचेच्या खोलीत बसवलं. बाहेर आल्यावर कागदावरची रेघ दाखवली: डावीकडे सपाट, मग एकदम घसरलेली.

"बोलण्याचे जाड आवाज येतात तुम्हांला. बारीक येत नाहीत. स, फ, त, पक्षी, घंटी."

"बंदुकीनं झालं?"

"एका दिवसाचं काम नाही हे, काका. इतकी वर्षं लाउडस्पीकरशेजारी उभे राहिलात. शिवाय वय." ती थांबली. "यंत्रं घ्या, तीन-चार आठवड्यांत येतील. घरातलं बोलणं नीट ऐकू येईल. पण रेकॉर्डिंगचा निर्णय एकट्याच्या कानावर देऊ नका. सोबत कुणीतरी हवं."

"आणि धंदा बंद करू?"

"मी असं म्हणाले का?"

तसं म्हणाली नव्हती. पण गाडीत बसल्यावर मी चावी लावलीच नाही बराच वेळ. काचेबाहेर माणसं तोंडं हलवत चालली होती.

३० ऑक्टोबर, बुधवार

शिट्टी सापडली. कानानं नाही, डोळ्यानं. कॉम्प्युटरवर आवाजाचं चित्र उघडलं तर वरच्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक सरळ चमकती रेघ. नव्या अडॅप्टरची. रेघ पुसून टाकली. चित्र स्वच्छ झालं.

आता पाठवून द्यावं आणि लिहावं, केबलचा दोष होता, दुरुस्त केलाय. कुणाला कळणार? पाटी उतरवावी लागणार नाही. रिदाची फी आहे, गाळ्याचा करार आहे. मेसेज लिहून ठेवलाय. पाठवला नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

पाठवलाच नाही. मॅडमच्या घरी गेलो आणि समोर बसून सांगितलं: मला ऐकू येत नाही, शिट्टी माझी चूक आहे, पैसे परत करतो.

त्या गोंधळल्या नाहीत. शेजारी अबू यूसुफ कॉफी पीत होते.

"यांनी मला रेंजवरच सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या. आता मी ओठांकडे उघडच बघत होतो आणि त्याही सरळ माझ्याकडे तोंड करून बोलत होत्या. "म्हणून नळी बंद करायची तारीख मी पुढे ढकलून घेतली. एक सकाळ आणखी मिळाली आहे."

अबू यूसुफ म्हणाले, "मी चाळीस वर्षं याच कामात बहिरा होत गेलो, सदीक. बायको मेली तेव्हा तिचं शेवटचं बोलणं मला मुलानं ओरडून सांगितलं. तुझा चेहरा मी ओळखणार नाही?"

मी विचारलं, मग दुसरा माणूस का नाही बघितला?

"बघितला होता," मॅडम म्हणाल्या. "तो म्हणाला, इंटरनेटवर हवे तेवढे आवाज पडलेत, त्यातलाच एक लावू."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. शिट्टीचं त्यांना काही नव्हतं. "तो आवाजच बाबांचा नाही. त्या दिवशी रेंजवर मी तेच म्हणाले होते. माझ्या आठवणीतला फार हळू आहे. अबू यूसुफ म्हणतात, ही बंदूक कधीच हळू नव्हती, मी लहान होते, मला तसं वाटलं असेल."

मी म्हटलं, "मला ऐकवू नका. दाखवा. टेबलावर बोटानं वाजवा."

त्यांनी डोळे मिटले. बोट टेबलावर टेकलं. थांबलं. पुन्हा टेकलं. थांबलं, एक श्वास जाईल इतकं. पुन्हा. चेहरा हळूहळू लहान मुलीसारखा होत गेला. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, म्हणूनच की काय, मी फक्त बोट बघत होतो. आणि ते बोट टेबलावर नव्हतंच. ते चापावर होतं.

"पायरी," मी म्हणालो. "अबू यूसुफ, पायरी! अबरारनं ओलांडली. यांचे वडील तिथंच थांबायचे."

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "खालिद. हो. डबे मांडायचा आणि एकेक उडवायचा. मी चिडवायचो, मशीनगन घेतलीस आणि पिस्तुलासारखी चालवतोस. तो म्हणायचा, तंबूत मुलगी झोपली आहे."

मॅडम उठून आतल्या खोलीत गेल्या.

७ नोव्हेंबर, गुरुवार

सफियाला म्हटलं, कान म्हणून तू चल.

"मी? बंदुकीला कान लावू? माझं काय काम तिथं? रिदाला न्या."

"रिदाची परीक्षा आहे. आणि दोन वर्षं माझ्या वाटचं तूच ऐकते आहेस."

दुपारी बघतो तर ती डोक्यावरच्या ओढणीवरून हेडफोन चढवून बसली होती आणि समोर कुकर, पंखा, नळ, एकेकाला माइक लावत होती. मला बघून लाजली.

१६ नोव्हेंबर, शनिवार

रेंजवर आज हवा स्वच्छ. रात्री थोडं शिंपडून गेलं होतं, वाळू घट्ट आणि काळसर झालेली. अडॅप्टर घरीच ठेवला. माइक मी लावले. सफिया खुर्चीत, हेडफोन घालून, मांडीवर रेकॉर्डर. अधिकाऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, साउंड इंजिनिअर.

"डावीकडे वारा घासतोय," ती म्हणाली. मी माइकवर टोपी चढवली. "आता ठीक."

बंदूक आज अबू यूसुफनी घेतली. लाकूड गालाशी टेकवलं. मी त्यांच्या बोटाशेजारी बसलो होतो. बोट आत आलं, पायरीवर टेकलं.

एक.

मला ती छातीत लागली. त्यांनी बोट सोडलं, श्वास घेतला, पुन्हा.

मॅडमच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. बघायची गरज पडली नाही. त्या अबू यूसुफच्या मागे वाळूतच खाली बसल्या होत्या, पाय पोटाशी घेऊन.

मॅगझिन संपेपर्यंत तसंच चाललं. एकेक. शेवटी अबू यूसुफनी मॅगझिन मिटवलं, बंदूक अधिकाऱ्याच्या हातात दिली आणि एका बाजूला जाऊन पाठमोरे उभे राहिले. वेल्डर दुपारी यायचा होता.

मी सफियाजवळ गेलो. "कसा आहे? मला सांग."

तिनं थोडा विचार केला. "आधी कुणीतरी कडी सरकवतं. आतल्या खोलीतली. जड कडी. मग ठो, पण कोरडा नाही, लाकडावर मूठ मारावी तसा. मग पितळ पडतं, बांगडी फुटल्यासारखं. आणि मग तो आवाज लांब जातो. जातच राहतो. तिकडं काहीतरी आहे, त्याला लागून पुन्हा थोडा परत येतो."

"मला वाटलं होतं तिकडं काहीच नाही."

"आहे." ती सांगत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. इतकं बोलताना तिला मी पूर्वी कधी ऐकलं होतं का, आठवेना.

मॅडम आल्या. सफियाचा हात हातात घेतला आणि सोडला. बाकीची मंडळी गाड्यांकडे निघाली. मी माइक काढायला वळलो, एक वायर ओढली, खुर्ची सरकवली, म्हटलं, चल, झालं आता, रेकॉर्डर बंद कर.

सफियानं हात वर केला.

मी थांबलो. वायर हातात तशीच.

डोळे मिटून ती वाळवंटाकडे कान देऊन बसली होती. ओठ किंचित उघडे. काय ऐकत होती कोण जाणे. पाखरू असेल, वारा असेल, किंवा खूप लांबून कुणी कुणाला हाक मारत असेल. तिच्या चेहऱ्यावर ते आलं, थोडं थांबलं, पुढे गेलं.

तिनं हात खाली घेईपर्यंत मी हललो नाही.